दिवाळी प्रदर्शनासाठी लेझरच्या छोट्या वस्तू: १० वॅटच्या डायोडवर काय परवडेल?

कोरीव_काम

मंडळी, दिवाळीच्या आदल्या आठवड्यात ठाण्यात तीन दिवसांचं प्रदर्शन आहे. हॉलमध्ये ६ × २ फुटांचं एक टेबल, भाडं ९,००० रुपये. कोरायचं-कापायचं मशीन १० वॅटचं डायोड लेझर (लेझरचे १० वॅट, अ‍ॅडॅप्टरचे नव्हेत), बेड ४०० × ४०० मि.मी., एअर असिस्ट (जळत्या जागी हवा फुंकणारा पंप) आहे, सॉफ्टवेअर लाइटबर्न.

हातात मावतील अशाच वस्तू ठेवायच्या आहेत: कीचेन, फ्रिज मॅग्नेट, कानातली, कोस्टर वगैरे. यादी करायला बसलं की चाळीस गोष्टी सुचतात आणि त्यातल्या निम्म्या तुळशीबागेत किंवा रानडे रोडवर पन्नास रुपयांत मिळतात. मग काय ठेवावं, किती नग करावेत? दुसरं म्हणजे देवनागरी नावं कोरली की दोन अक्षरं जिथे जुळतात तिथे शिरोरेघेवर न जळलेले छोटे चौकोन राहतात, त्याचं काय करायचं? आणि मशीन स्टॉलवर नेऊन समोर नाव कोरून द्यावं का?

मिनिट_मोजणारा

वस्तू ठरवण्याआधी प्रत्येक डिझाइनला मशीन किती मिनिटं लागतं ते काढा. लाइटबर्नच्या प्रिव्ह्यूमध्ये अंदाजे वेळ दिसतो, तोच तुमचा खरा खर्च. कच्चा माल त्यामानाने किरकोळ असतो.

५० × ३० मि.मी.ची कीचेन घ्या. अख्खा पृष्ठभाग ०.१ मि.मी. अंतराने भरून कोरला तर ३०० रेघा, प्रत्येकी ५० मि.मी., म्हणजे डोकं १५ मीटर धावणार. मिनिटाला ६,००० मि.मी. वेगाने अडीच मिनिटं, वळताना जातो तो वेळ वेगळा. तेच चित्र नुसत्या बाह्यरेषेत उतरवलं तर रेघेची लांबी साधारण २५० मि.मी., वेग १,५००, म्हणजे १० सेकंद.

आता कापणं. परिघ १६० आणि ४ मि.मी. व्यासाचं भोक मिळून सुमारे १७३ मि.मी. १० वॅटचं डायोड ३ मि.मी. एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) २०० ते २५० मि.मी./मिनिट वेगाने कापतं (हवा जोरात हवी, लेन्स स्वच्छ हवी). २५० धरलं तर नगाला ४१-४२ सेकंद. एक फूट × एक फूट तुकड्यात कडा आणि दोन नगांतले २ मि.मी. सोडून ५ × ९ = ४५ नग बसतात. भरीव कोरणी असेल तर या ४५ नगांना २ तास २३ मिनिटं, रेघेची असेल तर ३९ मिनिटं. रोज पाच तास मशीन चाललं तर एका प्रकारात ९४ नग, दुसऱ्यात जवळजवळ ३४५. गिऱ्हाईक दोन्हींना सारखेच पैसे देतं.

म्हणून १० वॅटवर रेघेचं काम करा आणि भराव लागलाच तर नावापुरता ठेवा. तिथेही अंतर ०.१ ऐवजी ०.१५ केलं तर एक तृतीयांश वेळ वाचतो, एमडीएफवर फरक जाणवत नाही. अ‍ॅक्रिलिकवर जाणवतो.

रेघेच्या कामात वेळ खातं ते कापणं. ६० वॅटचं सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूच्या लेझरचं) मशीन हीच कीचेन दहाएक सेकंदांत कापतं. जवळपास साइनबोर्डवाला असेल तर डीएक्सएफ फाइल (रेषांचा आराखडा) देऊन कोरे नग जॉबवर्कने कापून आणा. घरी कचऱ्यातल्या एमडीएफमध्ये त्याच मापाचे खाचे कापून साचा बनवा, तो बेडला टेपने चिकटवा, खाच्यात नग मांडा आणि फक्त कोरा. साचा आणि फाइल एकाच शून्य बिंदूवर असली पाहिजे. त्यासाठी साचा बेडवर ठेवूनच कापायचा आणि काम संपेपर्यंत हलवायचा नाही.

भाड्याचं गणित: ८० रुपयांच्या कीचेनमागे ६० सुटत असतील तर नुसतं भाडं निघायला १५० कीचेन विकाव्या लागतील. ६०० च्या संचामागे ४०० सुटत असतील तर २३ संच. छोट्या वस्तू गर्दी खेचायला ठेवा, भाडं मात्र संचांवर काढायचं.

एमडीएफवाली

वर वेळेचं आलंय, मी मालाबद्दल लिहिते.

सगळ्यात आधी काय जाळायचं नाही ते. सनबोर्ड आणि रेक्झिन ही दोन नावं मशीनच्या झाकणावर लिहून ठेवा. सनबोर्ड म्हणजे पीव्हीसीचा फेस, रेक्झिन म्हणजे कापडावर पीव्हीसीचा थर. दोन्हींतून हायड्रोजन क्लोराइड निघतो. तो फुप्फुसांना घातक, आणि मशीनचे रूळ-बेअरिंगही गंजवतो. दुकानदार रेक्झिनला ‘लेदरच आहे’ म्हणून देतो. शंका आली तर तांब्याची तार लालबुंद तापवून त्या मालाला टेकवा आणि परत ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर क्लोरीन आहे, माल परत करा. ही चाचणी खिडकीपाशी, चिमूटभर मालावरच करायची. चामडं घ्यायचं तर वनस्पतीजन्य टॅनिंगने कमावलेलं, क्रोम टॅनिंगचं नको.

अ‍ॅक्रिलिक: तुमचा डायोड निळ्या उजेडाचा, ४५० नॅनोमीटरचा. पारदर्शक आणि निळ्या अ‍ॅक्रिलिकमधून तो सरळ आरपार जातो, काहीच होत नाही, उलट खालचा बेड जळतो. काळं, लाल अपारदर्शक चालतं. एलईडीच्या पट्टीवर उभे करतात ते पारदर्शक दिवे हवे असतील तर काम सीओटूवाल्याकडे द्या आणि शीट कास्ट (साच्यात ओतलेली) आहे ना, विचारून घ्या. कास्टवर कोरलेलं दुधी पांढरं उठतं. एक्सट्रूडेडवर (यंत्रातून दाबून काढलेल्या शीटवर) ते काचेसारखं राहतं, उजेड धरत नाही, कडाही वितळून चिकट होतात.

प्लाय: साधा कमर्शियल प्लाय लेझरसाठी डोकेदुखी. आतल्या थरांत लांबीने (पुटीने) भरलेले खड्डे आणि गोंदाचे गोळे असतात. नऊ नग सहज सुटतात, दहावा मधेच अडकतो आणि सोडवताना फुटतो. वॉटरप्रूफ प्लायचा फिनॉलिक गोंद तर कापतच नाही, नुसता कोळसा होतो. बर्च लाकडाचा ३ मि.मी. प्लाय मिळाला तर कानातल्यांपुरता घ्या, बाकी सगळं एमडीएफ.

एमडीएफची खोड म्हणजे पावसाळा. माल भाद्रपदात बनवायला घेणार असाल तर शीट हवेतलं पाणी पिऊन वाकते, मध्यभाग दोन-तीन मि.मी. उचलला जातो आणि फोकस सुटतो. मग कडेचे नग कापले जातात, मधले नाहीत, आणि लोक पॉवर वाढवत बसतात. शीट आडवी, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, वर वजन ठेवून साठवा. बेडवर चारही कोपरे आणि मध्ये चुंबकाने दाबा.

वरून पेपर मास्किंग टेप लावून कोरलं तर धुराचे पिवळे डाग पडत नाहीत. पण बारीक भराव असेल तर टेपचे शंभर तुकडे नखाने काढावे लागतात. अशा वेळी टेप न लावता आधी सँडिंग सीलरचा एक हात मारा, वाळू द्या, कोरा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या फडक्याने हलकं पुसा. एक नग आधी तपासा, काही लॅकर अल्कोहोलने पांढरट होतात. कापलेल्या कडेची काजळी ही खरी तक्रार असते: पांढऱ्या कुर्त्यावर कानातल्याची रेघ उठली की ते गिऱ्हाईक परत येत नाही. कडा कोरड्या टूथब्रशने घासा, वर लॅकरचा हात द्या. आणि पिशवीत भरायच्या आधी नग दोन-तीन दिवस उघड्यावर ठेवा, नाहीतर पाकीट उघडताच जळका वास येतो.

शिरोरेघ

चौकोनांचं कारण सोपं आहे. देवनागरी फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेघ शेजारच्या अक्षरावर थोडी चढवलेली असते, म्हणजे पडद्यावर फट दिसत नाही. अक्षरांचं आकारात रूपांतर केलं की तो चढलेला भाग दोन आकारांत येतो. लाइटबर्न भराव करताना आकारावर आकार आला की एकदा भरतो, एकदा सोडतो. दोनदा मोजलेला भाग सुटतो, तेच तुमचे चौकोन. कापताना याच कारणाने अक्षरांमध्ये उभी चीर पडते आणि नावाचे तुकडे होतात.

उपाय वेल्ड, म्हणजे एकमेकांवर चढलेले आकार जोडून एक करणं. मजकुरावर ‘कन्व्हर्ट टू पाथ’, मग सगळी अक्षरं निवडून ‘वेल्ड’. जोडाक्षरं सुटी पडत असतील किंवा वेलांटी चुकीच्या जागी जात असेल तर मजकूर इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोडमध्ये लिहा: शिफ्ट-कंट्रोल-सी, मग शिफ्ट-कंट्रोल-जी ने गट सोडवा, सगळं निवडून कंट्रोल आणि अधिक चिन्ह. एसव्हीजी म्हणून साठवा. आकार एकदा भराव काढून, नुसत्या बाह्यरेषेत पाहून घ्या. शिरोरेघ सलग दिसली पाहिजे, मध्ये एकही उभी रेघ नको.

कापीव नावांसाठी देवनागरी सोयीची आहे. रोमनमध्ये अक्षरं खाली पट्टी लावून जोडावी लागतात, इथे शिरोरेघ ते काम फुकट करते. सुटतो तो अनुस्वार, चंद्रबिंदू आणि नुक्ता. ‘ॐ’ कापला तर वरचा चंद्रबिंदू हातात येतो. ‘आनंद’चा ठिपका खाली आणून शिरोरेघेत एक मि.मी. घुसवा किंवा दीड-दोन मि.मी. रुंदीचा दांडा द्या. ३ मि.मी. एमडीएफमध्ये कुठलीही रेघ २ मि.मी.पेक्षा बारीक ठेवू नका, उकार पहिल्यांदा मोडतात. बालू किंवा मुक्ता या फॉन्टचं जाड वजन यासाठी चांगलं, आणि दोन्ही मुक्त परवान्याचे असल्यामुळे विकायच्या वस्तूंवर वापरायला अडचण नाही.

कोरण्यासाठी शिरोरेघ ते पाया किमान ४ मि.मी. ठेवा. त्याखाली ‘लक्ष्मी’तला ‘क्ष्म’ बुजून जातो. एकेरी रेघेचे देवनागरी फॉन्ट सहज मिळत नाहीत, त्यामुळे वेळ वाचवायचा तर बाह्यरेषा कोरा. ८ मि.मी.च्या वर ती छान दिसते, त्याखाली दुहेरी रेघ गिचमिड होते.

रांगोळीचा साचा करणार असाल तर उलटा विचार करावा लागतो. तिथे अक्षर म्हणजे भोक. ‘ब’, ‘व’, ‘क’ यांच्या पोटातला तुकडा गळून पडतो, त्याला दोन बाजूंनी ३-४ मि.मी.चे पूल लागतात. आणि ३ मि.मी.पेक्षा अरुंद फटीतून रांगोळी नीट पडत नाही, अडकून ढेप होते.

घाटवाट

रांगोळीच्या साध्या साच्यांच्या नादी लागू नका, प्लास्टिकचे ओतीव साचे फुटपाथवर इतके स्वस्त असतात की तुमचा कापायचा खर्चही निघणार नाही. घराच्या नावाचा साचा ऑर्डरवर चालेल, एमडीएफचा नको. ओल्या फडक्याने पुसला की फुगतो. काळं अपारदर्शक अ‍ॅक्रिलिक २ मि.मी. घ्या.

दिवाळीच्या आधी आपल्याकडे दारोदारी मातीचे किल्ले होतात आणि त्याचं सामान अजूनही मातीचे मावळे आणि प्लास्टिकच्या तोफा एवढंच मिळतं. तिथे जागा आहे. महादरवाजाची चौकट, तटाच्या चर्या, पुलाच्या फळ्या, गडाच्या नावाची पाटी आणि जागा दाखवणाऱ्या छोट्या पाट्या: बालेकिल्ला, राजसदर, अंबरखाना, टाकं, चोरदिंडी. पाटी ६० × १५ मि.मी., खाली ४० मि.मी.चं टोकदार दांडकं, एका पाकिटात बारा. हे सगळं रेघेचं काम, मिनिट_मोजणारा यांच्या हिशोबात बसणारं. माती ओली असते, म्हणून दांडक्याला लॅकरचे दोन हात, टोक लॅकरमध्ये बुडवूनच काढा. प्रदर्शन दिवाळीच्या आठ दिवस आधी असेल तरच हे ठेवा. वसुबारसेनंतर कोण घेणार? तोवर किल्ला उभा झालेला असतो.

मोठ्यांसाठी संच. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठा लष्करी स्थापत्य म्हणून बारा किल्ले गेले: साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी. बारा मॅग्नेटचा संच, ६० × ४०, प्रत्येकावर गडाची रेघ आणि नाव. सुटेही विका, पण संचाची किंमत दहा सुट्यांएवढी ठेवा. युनेस्कोचं बोधचिन्ह मात्र छापू नका, ते परवानगीशिवाय वापरता येत नाही.

चित्र काढताना नीट बघून काढा. राजगडाला बालेकिल्ला आणि पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तीन माच्या दिसल्या पाहिजेत. सिंधुदुर्ग, खांदेरी, सुवर्णदुर्ग पाण्यात आहेत, त्यांच्यामागे डोंगराची कातळभिंत नको. स्टॉलवर दर तासाला एक तरी ट्रेकर येतो आणि तो पहिल्यांदा चूकच शोधतो.

आणखी एक: कोस्टरवर गणपती, लक्ष्मी किंवा महाराज कोरू नका. कप ठेवायच्या जागी लोकांना ते आवडत नाही, आणि तोंडावर सांगूनही जातात. कोस्टरला वारली, पैठणीच्या काठातला मोर, नाहीतर नुसती अक्षरं.

आपट्याची पानं हा वेगळा मोसम. प्रदर्शन दसऱ्याच्या आधी असेल तर अर्धा मि.मी. व्हिनियर (लाकडाचा पातळ पापुद्रा) कापून शिरा कोरलेली पानं चांगली जातात. दसऱ्याच्या संध्याकाळनंतर ती सरपण.

कोरीव_काम

चौकोनांचा प्रश्न सुटला, वेल्ड केल्यावर शिरोरेघ एकसंध आली. किल्ल्याचं सामान घेतोच. दोन गोष्टी अजून: सुटा घडीचा आकाशकंदील, गिऱ्हाईकाने घरी जोडायचा, असा ३ मि.मी. एमडीएफमध्ये करता येईल का? खाचा एका कंदिलात घट्ट, दुसऱ्यात ढिल्या का होतात? आणि स्टॉलवर मशीन न्यायचं की नाही, ते राहिलं.

एमडीएफवाली

ढिल्या-घट्ट होतात कारण ‘३ मि.मी.’ हे फक्त नाव आहे. वेगवेगळ्या गठ्ठ्यांत २.७ ते ३.१ काहीही निघतं. प्रत्येक शीट व्हर्नियरने चार कोपऱ्यांत मोजा. मग लेझरची रुंदी वजा करा: समजा शीट २.८ आणि लेझर ०.१५ खाते, तर चित्रात खाच २.६५ काढली की कापून २.८ होते. ही हातोडीने बसणारी. गिऱ्हाईक हाताने बसवणार म्हणून २.७५ काढा, म्हणजे २.९ मिळेल. जोडण्याआधी लॅकर लावत असाल तर अजून ०.१ सोडा. लाइटबर्नमध्ये कर्फ ऑफसेट (लेझरच्या रुंदीची आपोआप भरपाई) टाकला असेल तर हे परत हाताने करू नका, दोनदा वजा होतं. ०.०५ च्या फरकाने सहा खाचा असलेली चाचणीपट्टी प्रत्येक नव्या गठ्ठ्यातून एकदा कापा.

सहा बाजूंचा कंदील, प्रत्येक फळी १०० × १८० मि.मी., वर-खाली षटकोनी चकत्या. आतून बटर पेपर किंवा जिलेटिनचा कागद. कागद पाकिटात मापाने कापून द्या, लोक कात्री शोधत बसत नाहीत. चिठ्ठीवर ठळक लिहा: फक्त एलईडी. जुना तारेचा झिरो बल्बही बंद कंदिलात चांगलाच तापतो. पणतीच्या स्टँडचंही तेच. टी-लाइटची अ‍ॅल्युमिनियमची वाटी थेट एमडीएफवर ठेवू नका, काचेची वाटी द्या किंवा एलईडीचीच ठेवा.

मॅग्नेटसाठी १० × २ मि.मी. निओडायमियम चकती, दोन भाग मिसळायचा इपॉक्सी, रात्रभर सुकू द्या. फेव्हिक्विकसारख्या गोंदाची पांढरी वाफ कोरीव कामावर बसते. लहान मुलांनी दोन चकत्या गिळल्या तर आतड्यात एकमेकींना ओढतात आणि जीवावर बेतू शकतं, म्हणून मुलांच्या वस्तूंवर ही नकोच. तिथे चिकट पाठीची रबरी मॅग्नेट शीट, आणि ती कात्रीने कापायची, लेझरने नाही.

स्टॉल_नं_१३

मशीन स्टॉलवर: उघडं असेल तर अजिबात नाही. उघडा १० वॅट डायोड चौथ्या वर्गाचा लेझर आहे, परावर्तित किरणानेही डोळा जातो. केशरी चष्मा तुम्हाला घालता येईल, समोर वाकून बघणाऱ्या पोराला कोण घालणार? धूरही आहेच. बंद एसी हॉलमध्ये चार स्टॉल सोडून बसलेली मंडळी आयोजकांकडे जातात.

मिनिट_मोजणारा

यात थोडं वेगळं मत. पूर्ण बंद डब्याचं, झाकण उघडताच बंद पडणारं मशीन, कोळशाच्या फिल्टरसह असेल आणि आयोजकांनी लेखी हो म्हटलं असेल तर रेघेचं नाव अर्ध्या मिनिटात कोरून देता येतं. समोर नाव उमटताना पाहिलं की ८० ची कीचेन १२० ला जाते.

स्टॉल_नं_१३

जाते, पण मग एक माणूस मशीनला बांधला जातो. संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात सगळी विक्री होते आणि तेव्हाच रांग लागते. एकट्याने स्टॉल सांभाळत असाल तर ऑर्डर घ्या, रात्री घरी कोरा, दुसऱ्या दिवशी द्या. तिसऱ्या दिवसाच्या ऑर्डरी कुरिअरने, पैसे आगाऊ. नाव गिऱ्हाईकालाच देवनागरीत लिहायला लावा आणि त्याखाली सही घ्या. ‘श्रुती’ की ‘श्रुति’, ‘अद्वैत’ की ‘अव्दैत’, यावर नंतर वाद नको.

नग: एका टेबलाला दहा-बारा डिझाइन पुरेत. कीचेन आणि पाट्यांची पाकिटं मिळून दोनशे, मॅग्नेटचे संच तीस आणि सुटे शंभर, कंदील वीस, कोस्टरचे चारचे संच पंधरा. कंदील एक जोडून, आत दिवा लावून टांगा. घडीतला कंदील बघून कोणी घेत नाही. सगळं टेबलावर सपाट पसरू नका, मागे दोन फुटांची जाळी उभी करा, म्हणजे दोन माणसांच्या खांद्यांवरूनही दिसेल. प्रत्येक वस्तूवर किंमत लिहा.

हॉलच्या तळमजल्यावर फोनला रेंज नसते. क्यूआर छापून दोन ठिकाणी लावा, वेगळ्या कंपनीचं सिम असलेला दुसरा फोन ठेवा, आणि दहा-वीसच्या सुट्या नोटा आधीच आणून ठेवा.

उरलेल्या मालात ‘शुभ दीपावली’ लिहिलेलं काही नको, ते वर्षभर पडून राहतं. कोस्टर आणि मॅग्नेटवर सणाचं नाव न टाकता ठेवलंत तर संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून पन्नास-पन्नास नगांच्या ऑर्डरी येतात. त्यासाठी स्टॉलवरच एक वही ठेवा, नंबर आणि ‘वाणासाठी कळवा’ एवढंच लिहून घ्यायला.